नेणिवेचे स्थान

जीव अल्पज्ञ आहे, हे आपल्या मार्गात लहान मुलासही पाठ असते. चार पदार्थांचे निरूपण करताना जीवाचे लक्षण सांगावे लागते, आणि ते सांगताना त्याच्या अनादि अविद्येचा उल्लेख ओघाने येतोच. परंतु जे मुखाने म्हणावयाचे ते अंतःकरणात उतरले आहे असे धरून चालता येत नाही. सकाळी निरूपणात जीवाची अल्पज्ञता युक्तीने सिद्ध करणारा गृहस्थ सायंकाळी मुलीच्या सोयरिकीचे काय होणार, दाव्याचा निकाल कोणीकडे लागणार, दुखणे कोणत्या थरास जाणार, हे आजच कळावे म्हणून तळमळत असतो. संन्यस्तांची स्थिती फार वेगळी आहे असे नाही. चातुर्मास कोठे घडेल, झोळीत काय पडेल, आपल्या मागे आश्रमाचे काय होईल, हे प्रश्न भगव्या वा काळ्या वस्त्राने झाकले जात नाहीत. तेव्हा विचार करावयाचा तो हाच की, जे कळत नाही आणि कळण्याचे साधनही हाती नाही, त्याच्याशी साधकाने कसे वागावे. ते सोसावे, की स्वीकारावे, की देवतेच्या दारी जाऊन त्यापासून सुटका मागावी?

या प्रश्नाकडे ग्रंथातून येण्यापूर्वी मी डोंगरातून येऊ इच्छितो. पूर्वीच्या ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ ऑगस्ट २०१४ रोजी जो पालघर जिल्हा झाला, त्याच्या पूर्वेच्या डोंगराळ भागात जव्हार आणि मोखाडा हे दोन तालुके आहेत. जव्हार तालुक्यात साखरशेत नावाचे गाव आहे. नावात साखर आहे खरी; पण या भागातील उतारावर पिकते ती नागली, वरई, उडीद, खुरासणी, आणि खाचरांत भात. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी अशा समाजांची ही वस्ती. श्रीचक्रधरस्वामींनी साधकास देशाच्या शेवटी, झाडाच्या आश्रयाने जन्म घालविण्याचा जो आचार सांगितला, तो वाचताना देशाचा शेवट म्हणजे काय, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. मी त्यांस नकाशात हा भाग दाखवितो. उत्तरेस गुजरात आणि दादरा-नगरहवेली, पश्चिमेस उतरत गेलेले कोकण, आणि मध्ये ही माळरानाची व जंगलाची पट्टी.

येथील शेतीचा क्रम पाहण्यासारखा आहे. शिशिर सरता सरता फांद्या तोडावयाच्या, पालापाचोळा, शेण, गवत व माती यांचे थर रोपांच्या जागेवर पसरावयाचे, आणि ऊन तापले म्हणजे तो राब भाजावयाचा. मग पाऊस येण्याच्या आधीच, कोरड्या धुळीत बी टाकावयाचे. यास धूळवाफेची पेरणी म्हणतात. जमिनीत ओल नाही, आकाशात ढग नाही, आणि घरातील खाण्याच्या धान्यातून राखलेले बियाणे मनुष्य धुळीत टाकतो. पाऊस वेळेवर आला तर रोप वर येते व आवणीस तयार होते. एक सर येऊन मग पंधरा दिवस आकाश कोरडे राहिले तर अंकुर जळतो, आणि दुबार पेरणीस घरात बियाणे उरलेले नसते. पाऊस एकंदरीत थोडा पडतो असे मुळीच नव्हे. या पठारावर वर्षाकाठी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास आणि कित्येक वर्षी त्याहून अधिक पाऊस पडतो. पण तो केव्हा पडेल हे कोणास सांगता येत नाही, आणि पडलेला पाऊस डोंगरउतारावरून वाहून गेला म्हणजे चैत्र-वैशाखात त्याच गावांतील बाया हंडे घेऊन पाण्यासाठी दूर चालत असतात.

पावसाचे भाकीत करण्याचा मनुष्याचा प्रयत्न जुना आहे. आपल्या देशात हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले आणि मोसमी पावसाचे पहिले अधिकृत दीर्घकालीन भाकीत १८८६ साली प्रसिद्ध झाले. पुढे गिल्बर्ट वॉकर यांनी दूरदूरच्या समुद्रांवरील वायुदाबाचा आपल्या पावसाशी असलेला संबंध गणिताने शोधला. आज उपग्रह आहेत, प्रचंड गणनयंत्रे आहेत, आणि चार-पाच दिवसांचे अंदाज पूर्वीपेक्षा पुष्कळच विश्वसनीय झाले आहेत. या प्रयत्नाची जो थट्टा करील तो कृतघ्न होय. वादळाची सूचना आगाऊ मिळाल्याने किनाऱ्यावरील किती जीव वाचतात याचा त्याने विचार करावा. तथापि हंगामाचे भाकीत सरासरीच्या शेकड्याने सांगितले जाते आणि ते देशाचे वा विभागाचे असते. साखरशेताच्या एका उतारावर मृगाचा पाऊस कोणत्या दिवशी पडेल, हे त्यात नसते. ज्याला बी टाकावयाचे आहे त्याला ते आपल्या जबाबदारीवरच टाकावे लागते.

मला येथे जे दाखवावयाचे आहे ते हे की, हा शेतकरी न कळणे स्वीकारतो, पण हातावर हात ठेवून बसत नाही. राब भाजण्याचे काम त्याने पाऊस निश्चित होईपर्यंत लांबविले नाही. किंबहुना सर्व निश्चित झाल्यावरच करीन असे तो म्हणता, तर त्याच्या आजोबाच्या काळीच ते कुळ संपले असते. आपल्यातील पुष्कळांची समजूत अशी की, अनिश्चिततेचा स्वीकार म्हणजे एक प्रकारचे सैलावणे. ‘होईल ते होईल’ असे म्हणून अंग टाकणे. राबाची कष्टाची कामे ज्याने पाहिली आहेत त्याला ही समजूत टिकविता येणार नाही.

आता ग्रंथाकडे वळू. लीळाचरित्राची निर्मिती कशी झाली हे वाचकांस विदित आहे. स्वामींनी उत्तरापंथे बिजे केल्यानंतर सन्निधान अंतरले. ते वर्ष कोणते, यावरही अभ्यासकांचे एकमत नाही, कोणी इ. स. १२७२ सांगतात, कोणी १२७४. मागे राहिलेल्या भक्तजनांच्या दृष्टीने पाहा. ज्यांच्या दर्शनावाचून अन्न गोड लागत नव्हते ते दृष्टीआड झाले. पुन्हा भेट या जन्मात घडेल की नाही हे ठाऊक नाही. करावयाचे काय तेवढे सांगितलेले आहे, आणि मिळावयाचे केव्हा ते सांगितलेले नाही. आपला सगळा असन्निधानीचा आचार या स्थितीतून निघालेला आहे, ही गोष्ट आपण वारंवार विसरतो. स्मरण, अटन, विजन, भिक्षा यांचे विधान ज्याला केले आहे त्याच्या हाती आचरण आहे. कृपा त्याच्या हाती नाही. तारीख लिहून दिलेल्या हुंडीवर चालणारा हा व्यवहार नव्हे.

अशा स्थितीत नागदेवाचार्य आणि इतर भक्तजन ऋद्धिपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेस राहिले, आणि म्हाइंभटांनी स्वामींच्या लीळा एकत्र करण्याचे कार्य हाती घेतले. ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले, ज्यांनी प्रत्यक्ष ऐकले, त्यांच्याकडे जाऊन विचारावे, नागदेवाचार्यांच्या स्मरणाने ते पडताळावे, आणि मग लिहावे, अशी त्यांची रीत. सराळ्याचा हा पंडित तर्कशास्त्रात मुरलेला होता. अनुमानाने रिकाम्या जागा भरणे त्याला किती सोपे होते! एखाद्या लीळेत स्वामी कोठून निघाले ते ठाऊक आहे, कोठे पोचले ते ठाऊक आहे, मधला मुक्काम ठाऊक नाही. तो कल्पनेने घातला असता तर कोण हरकत घेणार होते? पण त्यांनी तसे केले नाही. ज्या लीळांचे स्थळ वा काळ लागला नाही त्या पुढे अज्ञात लीळा म्हणून निराळ्या राहिल्या. त्या गाळल्या नाहीत आणि ओढूनताणून कोणत्या तरी गावाच्या नावावर बसविल्याही नाहीत.

पुढे चौदाव्या शतकाच्या आरंभी, यादवांचे राज्य मोडत असतानाच्या धामधुमीत, मूळ पोथी नष्ट झाली अशी परंपरा आहे. हा आघात केवढा असेल! स्वामी अंतरले होते, श्रीप्रभू अंतरले होते, आचार्य गेले होते, आणि आता त्यांचे शब्दही गेले. तेव्हा ज्यांना ते मुखोद्गत होते त्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा करण्यात आला. हिराइसांचा पाठ आला, परशरामबासांचा आला, रामेश्वरबासांचा आला. ते सर्वत्र जुळले नाहीत. एका स्मरणात स्वामी एका अंगास आसनस्थ आहेत, दुसऱ्यात दुसऱ्या. एकात एक भक्त जवळ आहे, दुसऱ्यात नाही. येथे आपल्या पूर्वजांनी जे केले ते मला सर्व शास्त्रचर्चेहून मोठे वाटते. त्यांनी एक पाठ खरा ठरवून बाकीचे जाळले नाहीत. ‘एकी वासना’ असे म्हणून दुसऱ्याचे स्मरणही त्यांनी शेजारी लिहून ठेवले.

हे किती अवघड होते ते लक्षात येण्यासाठी स्मरणाचे आपल्या आचारातील स्थान ध्यानात आणावे. इतर कोणास ग्रंथातील पाठभेद हा पंडितांचा विषय वाटेल. आपल्याला तसे म्हणता येत नाही, कारण साधक नित्य ज्या लीळेचे स्मरण करतो ती त्याची जीवनवृत्ती आहे. पहाटे उठून तो स्वामींची मूर्ती, स्थान, चेष्टा मनात आणतो. त्याला जर विचारले की, हे असेच घडले याची तुला खात्री आहे काय, तर पोथीच त्याला सांगते की एकी वासना निराळी आहे. म्हणजे ज्या भूमीवर तो बसला आहे त्या भूमीत एक भेग आहे, आणि ती भेग वडिलांनी मुद्दाम बुजविली नाही. मग स्मरण व्यर्थ झाले काय? पूर्वजांचा निर्णय स्पष्ट आहे, जरी तो त्यांनी सूत्ररूपाने सांगितला नसला तरी. स्मरण ज्यांचे करावयाचे ते निश्चित आहेत. तपशील जेवढा मिळाला तेवढा घ्यावा, आणि जो मिळाला नाही त्याची जागा मोकळी ठेवावी. मोकळी जागा खोट्याने भरली तर भक्ती वाढत नाही. उलट स्मरणात आपली कल्पना स्वामींच्या आसनावर येऊन बसते.

दृष्टान्तपाठातील हत्तीचा दृष्टान्त सर्वांस परिचित आहे. जन्मांध हत्तीस हाताने चाचपतात आणि प्रत्येकजण आपल्या हाताला लागलेला अवयव म्हणजेच हत्ती असे सांगतो. या दृष्टान्ताचा उपयोग आपण बहुधा इतरांच्या मतांचे खंडन करण्यासाठी करतो. त्यांना शेपूट सापडले, आपल्याला हत्ती सापडला, असे म्हणून समाधान मानतो. माझ्या मते त्याचा साधकाच्या स्वतःच्या उपयोगाचा एक अर्थ राहून जातो. त्या आंधळ्यांच्या हाताला जे लागले ते खोटे नव्हते. त्यांचा दोष एवढाच की, हात जेथे संपला तेथे हत्तीही संपला असे त्यांनी ठरविले. ‘मला एवढे लागले, पुढे काय आहे ते ठाऊक नाही’ असे त्यांतील एक जरी म्हणाला असता तरी भांडण मिटले असते.

येथे एक शंका येईल. आपल्या शास्त्रात विकल्प हा मोठा दोष मानला आहे. मग मनात अनिश्चितता बाळगणे हा विकल्पच नव्हे काय? नव्हे. विकल्पात मनुष्य नेणत असतो आणि तरी विपरीत असे काहीतरी जाणल्यासारखे धरून बसतो. समोरच्याने असे का केले हे ठाऊक नसते. पण ‘त्याने वाईट हेतूनेच केले’ असे मन ठरवून टाकते. विचार केला तर विकल्प ही घाईने मिळविलेली, खोटी निश्चितता आहे. जो आपली नेणीव सरळ मान्य करतो त्याच्याकडून विकल्प होणे कठीण आहे, कारण ठरविण्याची घाईच त्याला नसते.

देवताभक्तीच्या मुळाशीही हीच घाई मला दिसते. उद्या काय होणार ते कळावे, आणि नुसते कळावे नव्हे तर आपल्या बाजूने वळावे, यासाठी जीव फळ देणाऱ्याच्या दारी बसतो. डोंगरातील मनुष्य आजारी मुलास घेऊन भगताकडे गेला, त्याने तांदळाचे दाणे टाकून कौल पाहिला, की आपले सुशिक्षित लोक हसतात. हसणाऱ्यांनी आपल्या घरातील पंचांगे, मुहूर्त आणि पत्रिका आधी मोजाव्यात. शिवाय दवाखाना दूर आहे, ओढ्यास पूर आहे आणि मूल तापाने फणफणले आहे, अशा रात्री ज्याच्याकडे भगत सोडून दुसरा कोणीच नाही, त्याची चूक आणि सोयीच्या मुहूर्तासाठी तारखा बदलणाऱ्याची चूक एका मापाने मोजणे मला न्यायाचे वाटत नाही.

यातूनच विषयाचे सर्वांत कठीण अंग समोर येते, आणि ते टाळून हा लेख पुरा करणे अप्रामाणिक होईल. अनिश्चितता स्वीकारा, हा उपदेश कोण कोणास करतो? ज्याचे कोठार भरले आहे त्याने ज्याचे रिकामे आहे त्यास तो केला तर तो धर्म नव्हे, ती निष्ठुरता होय. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने मुले दगावली आणि त्या गावांची नावे सगळ्या महाराष्ट्रास ठाऊक झाली. त्या आयांना न कळणाऱ्या गोष्टींचा स्वीकार शिकविण्यास कोणी गेला असता, तर त्याचे तोंड पाहू नये असेच मी म्हणेन. ती मुले परमेश्वराच्या गूढ इच्छेने नव्हे, अन्नावाचून गेली. तेथे अज्ञात असे काही नव्हते.

मनुष्याने मनुष्यासाठी निर्माण केलेली अनिश्चितता पुष्कळ आहे. ठाणे जिल्ह्याच्या जंगलपट्टीत एकसाली पट्टे नावाचा प्रकार होता. जमीन कसावयास मिळे ती एका सालासाठी. पुढच्या साली ती आपल्याकडे राहील की नाही, हे कसणाऱ्यास ठाऊक नसे. अशी एकामागून एक साले करून बापाचे आयुष्य जाई आणि मुलाचे सुरू होई. पाऊस अनिश्चित होताच; त्यावर पायाखालची जमीनही अनिश्चित केली गेली. वनहक्कांचा कायदा व्हावयास २००६ साल उजाडले, आणि कायदा झाल्यावरही दावे, पुरावे, मोजणी यांत वर्षे गेली. दिवाळीनंतर आगाऊ उचल घेऊन भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जाणारी कुटुंबे हिशेब किती होईल हे न जाणताच निघतात. मोखाड्यातील मध्य वैतरणा धरणाचे पाणी मुंबईस जाते. तेथील मनुष्य नळ फिरविताना पाणी येईल की नाही याचा विचार करीत नाही, आणि त्याच तालुक्यातील पाड्यावरची बाई टँकर आज येईल की उद्या, याचा विचार करीत रस्त्याकडे पाहत असते. एकाच्या निश्चिंतपणाचे ओझे अशा रीतीने दुसऱ्याच्या डोक्यावर गेलेले असते. ज्याला स्वीकाराची साधना करावयाची आहे त्याने आपली निश्चिंतता कोणाच्या डोक्यावर ठेवली आहे हे पहिल्याने पाहावे.

या दृष्टीने रोजगार हमी योजनेचे नावच मला अर्थपूर्ण वाटते. १९७२ च्या दुष्काळाच्या काळात विस्तारलेल्या या योजनेस वि. स. पागे यांच्या प्रयत्नाने १९७७ साली कायद्याचे रूप आले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पाऊस पडेल याची हमी कोणी देऊ शकत नाही. पण पाऊस न पडला तर काम मिळेल, एवढी हमी मनुष्य मनुष्यास देऊ शकतो. योजना कोठे कशी चालली, मजुरी वेळेवर हाती पडली की नाही, हा भाग निराळा, आणि त्याविषयी डोंगरातील मजुरांपाशी सांगण्यासारखे पुष्कळ आहे. कल्पना मात्र शुद्ध होती. जे मनुष्याच्या हाती नाही ते सोडून, जे आहे तेवढे तिने बांधून घेतले.

आपल्या भिक्षाविधीतही हे तारतम्य दिसते. घर निवडावयाचे नाही, पदार्थ निवडावयाचा नाही, उद्याचे आज मागावयाचे नाही. न कळण्याचा हा रोजचा अभ्यास आहे. परंतु ही अनिश्चितता साधक स्वतःच्या अंगावर घेतो. ती दुसऱ्यावर लादण्याचा अधिकार त्याला कोणत्याही सूत्राने दिलेला नाही. (आज ज्या आश्रमांत वर्षाचे धान्य आधीच भरलेले असते तेथे हा अभ्यास कसा होतो, हे ज्याचे त्याने पाहावे. मी एवढेच म्हणतो की, भरल्या कोठारावर बसून केलेले अनिश्चिततेचे निरूपण ऐकणाऱ्याला लगेच ओळखू येते.)

स्वीकाराविषयी आणखी एक गैरसमज आहे, तो असा की, ज्याने स्वीकारले त्याला दुःख उरत नाही. आपल्या आचारात खंतीला जागा आहे ती कशासाठी? परमेश्वर अंतरले, भेट कधी ते ठाऊक नाही, याची खंती साधकाने करावी असे शास्त्र सांगते. खंती करणारा तक्रार करीत नाही आणि उद्या भेट होईल असे खोटे आश्वासनही स्वतःस देत नाही; पण भेट झाली नाही ही गोष्ट त्याला बोचत असते, आणि ती बोचत राहावी अशीच त्याची इच्छा असते. नागदेवाचार्यांनी विरहात जे दिवस काढले त्यांविषयी स्मृतिस्थळादि ग्रंथांतून वाचताना शांत, निर्विकार तत्त्वज्ञ डोळ्यांपुढे येत नाही. दुःखाने पोळलेला आणि तरीही नेमलेले काम न चुकविणारा पुरुष दिसतो. ज्यांना अनिश्चिततेचा स्वीकार म्हणजे मनाची बधिरता वाटते त्यांनी तेवढा भाग पुन्हा वाचावा.

आता व्यवहाराचे एक. आपल्याकडे लोक येतात ते बहुधा कळावे म्हणूनच येतात. वीटभट्टीवर गेलेल्या मुलाचा महिनाभर निरोप नाही, अशी एखादी आई येऊन ‘बाबा, तो बरा असेल ना?’ असे विचारते. अशा वेळी ‘बरा असेल, काळजी करू नको’ हे शब्द जिभेवर आपोआप येतात, कारण तिचे दुःख आपल्याला पाहवत नाही. त्या शब्दांनी समाधान होते ते आपले. म्हाइंभटांनी रिकामी राहिलेली जागा कल्पनेने भरली नाही, तर आपणही ती भरू नये. ‘मला ठाऊक नाही’ असे तिला सांगावे. त्यानंतर उठून निघून जाऊ नये. मुलगा कोणाबरोबर गेला, मुकादम कोण, भट्टी कोणत्या गावाची, हे विचारून कागदावर उतरून घ्यावे, कोणाकडे दूरध्वनी असेल तर लावून पाहावा, आणि नाहीच काही कळले तर तिच्याबरोबर तालुक्याच्या कचेरीपर्यंत जावे. पाड्यावरून ते अंतर बरेच आहे आणि दुपारी वाटेवर सावली नसते, म्हणून सकाळी लवकर निघावे.